टूरिंग कारच्या शर्यतीत उतरायचंय: वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातून या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. शोरूममधल्या गाडीसारखीच दिसणारी गाडी घेऊन शर्यती करणारे ड्रायव्हर तयार कसे होतात, आणि त्यावर पोट भरतं का? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी १८ वर्षांचा आहे, बारावी झाली. वडिलांची जुनी स्विफ्ट पडून आहे. एक्झॉस्ट, एअर फिल्टर बदलून आणि ईसीयू रिमॅप करून ती टूरिंग कारच्या शर्यतीत घालता येईल का? आणि टूरिंग कार म्हणजे नेमकं काय? – विद्यार्थी, जालना

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बाजारात विकल्या जाणाऱ्या चार-पाच दारांच्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली रेस कार म्हणजे टूरिंग कार. छत असतं, चाकं बॉडीच्या आत असतात, बाहेरून गाडी ओळखू येते. सध्या जगभर सगळ्यात जास्त पसरलेले नियम टीसीआरचे आहेत. इटलीच्या मार्चेल्लो लोत्ती यांनी ते आखले आणि २०१५ मध्ये त्याच्या शर्यती सुरू झाल्या. दोन लिटरचं टर्बो इंजिन, साधारण ३५० हॉर्सपॉवर, पुढच्या चाकांना ड्राइव्ह आणि सिक्वेन्शियल, म्हणजे क्रमानंच एकेक गिअर पडणारा, गिअरबॉक्स. गाडी तयारच विकत मिळते. टीमनं इंजिन खोलून ताकद वाढवायची नाही, आणि एखादं मॉडेल फारच पुढं जायला लागलं तर त्यावर वजन चढवून किंवा ताकद कमी करून सगळ्यांना बरोबरीत आणतात. ब्रिटनची बीटीसीसी ही टूरिंग कार स्पर्धा याहून जुनी परंपरा, १९५८ पासूनची.

आता स्विफ्ट. तो पैसा तिच्यात घालू नकोस. एक्झॉस्ट आणि रिमॅपनं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) गाडी रेस कार होत नाही. रोल केज (गाडी उलटली तरी ड्रायव्हर वाचावा म्हणून आत बसवलेला पाइपचा सांगाडा), बकेट सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, बाहेरून बंद करता येणारा कट-ऑफ स्विच आणि अग्निशामक हे सगळं नियमात बसल्याशिवाय तपासणीत ती पुढं सरकणारच नाही. एवढं करून गाडी उभी राहील तेव्हा तुझ्याकडं ट्रॅकवर जायला पैसे उरलेले नसतील. आणि शर्यत जिंकून देतो तो ट्रॅकवर घालवलेला वेळच.

तुझा रस्ता असा. सुरुवात भाड्याच्या कार्टपासून (छोटी, उघडी रेसगाडी), पण मजा म्हणून नाही. दर वेळी लॅप टाइमचा (ट्रॅकच्या एका फेरीला लागलेल्या वेळेचा) कागद मागून घे आणि सगळ्यात वेगवान लॅप बघायच्या आधी दहा लॅपमधला फरक बघ. पहिल्या आणि दहाव्या लॅपमध्ये एक सेकंदाचं अंतर असेल तर तू अजून अंदाजानं चालवतोयस. निवड चाचणीत परीक्षक हेच बघतात. त्यानंतर रेसिंग स्कूल. आपल्याकडं सर्किट रेसिंगचं केंद्र तमिळनाडूच आहे: चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरकडचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ पासून आहे, पण तिथलं भाडं नवख्याला पेलत नाही. जालन्याहून चेन्नई हजार किलोमीटरच्या पुढं आहे, तेव्हा प्रवासखर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धर.

लायसन्स एफएमएससीआय म्हणजे देशाची मोटारस्पोर्ट संघटना देते. वयाचा दाखला, डॉक्टरांनी भरलेला मेडिकल फॉर्म, रक्तगट आणि ट्रेनिंगचं प्रमाणपत्र हाताशी ठेव. त्या वर्षीची नियमपुस्तिका संपूर्ण वाच, कारण अटी वर्गानुसार बदलतात.

पहिली स्पर्धा वन-मेक निवड. यात सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या असतात, आयोजकच त्या सांभाळतो आणि प्रवेश फीमध्ये गाडी, मेकॅनिक, टायर धरलेले असतात. भारतात २०१० मध्ये फोक्सवॅगन पोलोच्या कपनं हा रस्ता रुंद केला. चेन्नईचा आदित्य पटेल फोक्सवॅगनच्या जर्मनीतल्या वन-मेक शर्यतींत उतरला होता. सही करण्याआधी एकच गोष्ट नीट विचार: गाडी ठोकली तर बिल कुणाचं, आणि किती रकमेपर्यंत? फीच्या आकड्याला हुरळून उतरलेले अनेक जण पहिल्याच धडकेत हंगाम सोडतात.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे. आमच्याकडं आठवीपासूनच नीट-जेईईचं फाउंडेशन सुरू होतं, आणि याला रेसर व्हायचंय. उशीर झाला का? यात खरोखर करिअर आहे का? – पालक, लातूर

फॉर्म्युला वनचं स्वप्न असेल तर उशीर झालाय. तिथली मुलं सात-आठ वर्षांची असतानाच कार्टमध्ये बसतात. टूरिंग कारसाठी मात्र उशीर झालेला नाही. इटलीचे ड्रायव्हर गॅब्रिएले तारक्विनी यांनी जागतिक टूरिंग कार स्पर्धा २००९ मध्ये जिंकली तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. २०१८ मध्ये डब्ल्यूटीसीआर या टीसीआर गाड्यांच्या जागतिक मालिकेचा करंडक घेतला तेव्हा ५६. या खेळात अनुभवाला किंमत आहे, कारण गर्दीत गाडी वाचवणं, टायर राखणं आणि कुठं थांबायचं हे कळणं वर्षं घालवल्याशिवाय येत नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर नुसतं शर्यतींवर घर चालवणारे ड्रायव्हर भारतात बोटांवर मोजण्याइतके आहेत. युरोपातसुद्धा कारखान्याचा पगारी करार थोड्यांनाच मिळतो. बाकीचे स्वतःचा स्पॉन्सर घेऊन टीमकडं जातात. बेंगळुरूचा अर्जुन मैनी २०२१ मध्ये जर्मनीच्या डीटीएम या कार शर्यतींच्या मालिकेत उतरला, पण त्याच्यामागं लहानपणापासूनचं कार्टिंग आणि युरोपातली फॉर्म्युला शर्यतींची वर्षं आहेत. त्यामुळं ‘व्यावसायिक’ ड्रायव्हरचं उत्पन्न बहुधा तीन-चार ठिकाणांहून येतं: नव्या मुलांना शिकवणं, गाडी कंपन्यांच्या ड्रायव्हिंग कार्यक्रमांत इन्स्ट्रक्टर, टायर किंवा गाड्यांचं टेस्टिंग, आणि शर्यती.

म्हणून अभ्यास सोडवू नका. मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग केलेला ड्रायव्हर डेटा वाचू शकतो, आणि टीमला तो हवाच असतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं शर्यती थांबवून फक्त फिटनेस आणि महिन्यातून एखादं कार्टिंग ठेवलं तरी फार बिघडत नाही.

सध्या त्याला स्पर्धेच्या कार्टमध्ये बसवा. १२५ सीसीच्या वर्गात त्याच्या वयासाठी ज्युनिअर गट असतो. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरेन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळं वळताना आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं नाही तर कार्ट सरळच जाऊ बघतो. वजन कुठून कुठं सरकतं हे मुलाच्या अंगात त्यातून भिनतं आणि पुढं गाडीत तेच कामाला येतं. नवा कार्ट घेऊ नका. एखाद्या टीमकडून हंगामापुरता भाड्यानं घ्या. या वयाची मुलं भराभर वाढतात, सीट वर्षात लहान पडते, आणि अरुंद सीटमध्ये कोंबलेल्या मुलाच्या बरगड्या दुखावतात. रिब प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून हवा.

प्रश्न: ट्रॅक डेला (स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) हॅचबॅक घेऊन गेलो होतो. चौथ्या लॅपला ब्रेक पेडल मऊ पडून खाली गेलं. संध्याकाळपर्यंत पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड खाऊन गेली. गॅरेजवाले म्हणतात मास्टर सिलिंडर गेला. – व्यावसायिक, नांदेड

मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी ऑइल बदला. गरम झाल्यावर पेडल मऊ पडलं आणि थंड झाल्यावर परत कडक झालं असेल, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर मानकानुसार तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. गाडीत दोन पावसाळे काढलेलं ऑइल असेल तर चौथ्या लॅपला हे होणारच. ट्रॅकवर जायच्या आठवड्यात सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरा. महिन्यापूर्वी उघडलेला डबा वापरू नका, आणि सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीच मिसळू नका. चारही चाकांचं ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानं करा.

पेडल कडक राहिलं पण गाडी थांबत नव्हती, तर दोष पॅडचा. साधे पॅड तापले की त्यांची पकड सुटते. दोन्ही बिघाडांत फरक आहे, म्हणून पेडल पायाला कसं लागलं ते आठवून लिहून ठेवा. सेशन संपताना शेवटची लॅप ब्रेक न वापरता हळू काढा, आणि पिटमध्ये उभे राहिल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कला पॅड दाबून राहिले तर त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि पुढच्या वेळी ब्रेक थरथरतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा.

आता टायर. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं ब्रेकही मारतात, वळवतातही आणि गाडी ओढतातही. बाहेरची कड जाण्यामागं बहुधा दोन कारणं असतात: कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल, आत कललं तर उणे) कमी, आणि वळणात वेग जास्त घेऊन स्टिअरिंग आणखी पिळणं. रस्त्यावरच्या गाडीत पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास असतो. रेसच्या टूरिंग कारमध्ये तो उणे तीन अंश किंवा त्याहून जास्त ठेवतात. त्यामुळं गाडी कलली तरी टायरचा पूर्ण पट्टा जमिनीवर बसतो. तुमच्या गाडीत स्ट्रटच्या बोल्टवर मिळेल तेवढा उणे कॅम्बर घ्या आणि त्यानंतर टो (वरून बघताना चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) परत लावून घ्या. कॅम्बर बदलला की टो बदलतोच.

हवा थंड टायरमध्ये किती भरली यापेक्षा गरम टायरमध्ये किती झाली हे महत्त्वाचं. टायरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं चढतो. म्हणून पिटमध्ये येताच, गार व्हायच्या आत मोजा आणि जादाची सोडा. सकाळी आठला लावलेला आकडा दुपारी एकला चुकीचा असतो. टेंपरेचर प्रोब मिळाला तर टायरच्या आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. मध्य जास्त तापलेला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या असतील तर कमी. एकटी बाहेरची कड तापली असेल तर कॅम्बर कमी पडतोय.

चालवण्यातली दुरुस्ती: ब्रेक सरळ रेषेत मारा, वळणात शिरताना तो एकदम न सोडता हळूहळू सोडा, आणि स्टिअरिंग उघडायला लागेपर्यंत अॅक्सिलरेटरला घाई करू नका. गाडी पुढून सरकायला लागली की स्टिअरिंग आणखी फिरवण्याचा मोह होतो. उलट किंचित कमी करा, टायर परत पकडतो.

आणि पहिल्या दोन लॅप जपा. या गाड्यांत पुढचे टायर लवकर तापतात, मागचे थंडच राहतात. पुढून पकड आहे म्हणून भरवशानं शिरावं, मध्येच घाबरून अॅक्सिलरेटर सोडावा आणि मागची बाजू निसटावी, असे अपघात अनुभवी टीसीआर ड्रायव्हरांचेही पहिल्याच लॅपला होतात. तेव्हा ब्रेक मारायचा नाही. नजर जिथं जायचंय तिथं ठेवून उलट स्टिअरिंग द्यायचं आणि थोडा अॅक्सिलरेटर, म्हणजे पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात.

प्रश्न: आमच्याकडं फॅब्रिकेशनचं काम चांगलं होतं. जीआय पाइपचा रोल केज करून देऊ का? एका ग्राहकाला रस्त्यावरच्या गाडीतच बसवून हवाय. – गॅरेजमालक, परभणी

जीआय पाइपचा नको. तो बहुधा शिवणीचा असतो, वाकवताना शिवण उघडते. वेल्डिंग करताना जस्ताची वाफ होऊन जोडात सूक्ष्म भोकं राहतात, वेल्डरला त्या धुराचा त्रास होतो तो वेगळाच. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या नियमाप्रमाणं पाइप सीमलेस, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा आणि किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचा लागतो. ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमीचा २ मिमी जाडीचा पाइप. बाकीच्या मुख्य आडव्या-तिरक्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २.

पाइप थंडच वाकवायचा, आणि वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वाकाच्या जागी पाइप चपटा झाला किंवा आतून सुरकुतला तर तो तुकडा बाजूला टाका, हातोडीनं गोल करू नका. पाय बसतात तिथं बॉडीच्या पत्र्याला किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट वेल्ड करावी लागते, आणि बोल्टचा पाय असेल तर ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट. नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर उभा केलेला केज गाडी उलटल्यावर पत्रा फाडून खाली जातो.

ग्राहकाला मात्र नाही म्हणा. रस्त्यावर हेल्मेट नसतं, साध्या धडकेत डोकं त्या पाइपवर आदळतं. रेसिंगमध्ये हेल्मेट लागेल अशा प्रत्येक जागी प्रमाणित पॅडिंग लावतात, तरी केज हेल्मेट घातलेल्या माणसासाठीच आहे.

प्रश्न: समृद्धी महामार्ग घराजवळून जातो. पहाटे रिकामा असतो. वेगाचा सराव तिथं केला तर? – वैजापूर

नाही. कारला तिथं १२० ची मर्यादा आहे, आणि रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी यातून शिकायला काहीच मिळत नाही. सरळ रस्त्यावर पाय दाबणं कुणालाही जमतं. टूरिंग कारची शर्यत ब्रेकच्या जागी आणि वळणाच्या तोंडाशी ठरते. पहाटे तिथं समोर उभा ट्रक असतो, आणि त्याच्यापुढं पिवळा झेंडा दाखवणारा मार्शल नसतो.

प्रश्न: मी मुलगी आहे, उंची पाच फूट, वजन ४६ किलो. मुलींच्या वेगळ्या शर्यती असतात का? हलकं असण्याचा फायदा होतो? – धाराशिव

टूरिंग कारमध्ये मुलं-मुली एकाच ग्रिडवर उभी असतात. जर्मनीच्या डीटीएममध्ये एलेन लोअर हिनं १९९२ मध्ये हॉकेनहाइमची शर्यत मर्सिडीज घेऊन जिंकली, सगळ्या पुरुषांना मागं टाकून. भारतात चेन्नईची अलीशा अब्दुल्ला मोटारसायकल आणि गाडी दोन्हींच्या शर्यतींत उतरली.

टीसीआरसारख्या वर्गात किमान वजन ड्रायव्हर धरून मोजतात. तू हलकी असलीस तर फरकाचं वजन गाडीत बोल्टनं बसवतात. फायदा इतकाच की ते वजन फ्लोअरवर, खाली ठेवता येतं. तुझी अडचण वेगळी येईल: सीट. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा आणि पाठ सीटला चिकटलेली. रेस कारच्या ब्रेकला पायात खूप जोर लागतो, आणि पाठ पुढं सरकवून दाबलेला ब्रेक कधीच एकसारखा लागत नाही. फोम ओतून स्वतःच्या मापाचा सीट इन्सर्ट करून घे. मान आणि मांड्यांचा व्यायाम आजपासून. हेल्मेट एफआयए किंवा स्नेल एसए प्रमाणित घे. दुचाकीचं चालत नाही, कारण त्याला आगीची आणि केजवर आपटण्याची चाचणी नसते. सोबत धडकेत मान वाचवणारं हॅन्स लागेल. सेकंडहँड सूट चालेल, सेकंडहँड हेल्मेट घेऊ नकोस.

प्रश्न: आमचा वाळूजला सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. एक तरुण रेसर स्पॉन्सरशिप मागतोय. काय बघून द्यावी? – उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

त्याच्याकडं तीन कागद मागा: मागच्या हंगामाचे अधिकृत निकाल, पूर्ण हंगामाचा खर्च बाबवार, आणि तुम्हाला काय मिळेल याची यादी. खर्चात टायर, प्रवास आणि धडकेची दुरुस्ती वेगळी लिहिलेली नसेल तर हिशेब अजून झालेलाच नाही. पैसे एकदम न देता फेरीगणिक द्या, शक्यतो थेट टीमला. गाडीवर नाव झळकण्यापेक्षा छोट्या कारखान्याला दुसराच उपयोग जास्त: तुमच्या ग्राहकांना शर्यतीच्या दिवशी पिटमध्ये नेणं, आणि मुलानं तुमच्या कामगारांसमोर येऊन बोलणं. शिवाय तो गाडीबद्दल कसा बोलतो ते ऐका. ‘गाडी घसरत होती’ म्हणणारा अजून कच्चा आहे. ‘तिसऱ्या वळणावर, ब्रेक सोडल्यावर, पाचव्या लॅपपासून पुढून सरकत होती’ असं सांगणाऱ्याला इंजिनिअर मदत करू शकतो, आणि टीम त्यालाच ठेवून घेते.

प्रश्न: आपल्याकडच्या उन्हाची सवय रेसिंगला कामाला येते का? – उदगीर

येते. बंद गाडीत, तीन थरांचा सूट घालून, आतलं तापमान ५० अंशांच्या पुढं सहज जातं. शरीराला उन्हात घाम लवकर आणि पातळ यायची सवय लागायला दहा ते चौदा दिवस रोजचा व्यायाम लागतो, आणि एसीत बसून ती मोडते. शर्यतीच्या आदल्या दिवसापासून पाणी प्या. नुसतं पाणी नको, ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात. सेशनच्या आधी आणि नंतर कोरड्या कपड्यांवर वजन करा. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागं सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत घोटाघोटानं भरून काढा. डोकं दुखायला लागलं किंवा लॅप टाइम विनाकारण घसरायला लागला, तर रेडिओवर तसं सांगून पिटमध्ये या.